काळ्या मातीवरील डांबरी रस्त्याला दर उन्हाळ्यात त्याच जागी पडणारी भेग : निदान आणि दुरुस्ती

काळ्या जमिनीतून जाणाऱ्या डांबरी रस्त्याचे एक दुखणे दर वर्षी न चुकता डोके वर काढते. होळीनंतर उन्हाचा ताव वाढू लागला, की डांबराच्या कडेपासून साधारण दोन ते तीन फूट आत, रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक बारीक भेग उमटते. एप्रिलअखेर तिच्यात नाणे उभे राहते आणि मेच्या मध्यावर बोट जाते. भेगेच्या बाहेरची पट्टी किंचित खाली बसते आणि शेताकडे कलते. मग मृगाचा पाऊस येतो, भेगेतून पाणी आत शिरते, जुलैत भेगेच्या दोन्ही अंगांना जाळी पडते, पोळ्याच्या सुमारास त्या जाळीचे खड्डे होतात आणि दिवाळीनंतर सगळ्यावर पुन्हा कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) आणि सीलकोट (त्यावरचा पाणी अडवणारा लेप) टाकला जातो. पुढच्या होळीनंतर भेग परत येते, कित्येकदा किलोमीटरच्या त्याच दगडापासून तेवढ्याच अंतरावर.

मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातील रस्त्यांच्या कामांवर मी बावीस वर्षे काढली आहेत. त्यातील एका तीन किलोमीटरच्या तुकड्यावर हे चक्र मी पाच वर्षे पाहिले आणि त्यातली पहिली तीन वर्षे मीही कार्पेटवर कार्पेट टाकण्याच्या प्रस्तावांवर सह्या केल्या. त्या तुकड्याने मला जे शिकवले ते येथे क्रमाने लिहीत आहे, कारण असे तुकडे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांवर होणारा खर्च दर वर्षी वाया जातो. ही भेग डांबराच्या दोषाने पडत नाही. रस्त्याच्या मधोमध असलेल्या मातीतील ओल वर्षभर जवळपास तेवढीच राहते आणि कडेच्या मातीतील ओल पावसाळ्यात वाढते व उन्हाळ्यात उडून जाते, या फरकाने ती पडते. जोवर कडेची ओल स्थिर होत नाही, तोवर वर कितीही जाड थर टाकला तरी भेग त्या थरातून वर येणारच.

भेग नेमकी कोणती, हे आधी ठरवावे

दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी रस्त्यावरून एकदा पायी चालावे. जीपमधून हे दिसत नाही. कडेला समांतर, वळणावळणाची, उन्हाळ्यात उघडणारी आणि श्रावणात जवळजवळ मिटणारी भेग असेल, तर ती माती आकसल्याची भेग आहे. भेग अगदी सरळ, दोरी धरल्यासारखी आणि रस्त्याच्या मध्यावर असेल, तर पेव्हरने (डांबरी मिश्रण पसरणाऱ्या यंत्राने) अर्ध्या-अर्ध्या रुंदीत टाकलेल्या थरांचा तो सांधा उघडला आहे. तो सांधा साफ करून भरला की काम भागते. कडेपासून समान अंतरावर सरळ जाणारी, पण एका बाजूची साईडपट्टी लांबच लांब खचलेली दिसत असेल, तर तेथे केबलसाठी किंवा पाण्याच्या पाइपसाठी चर खणून तो धड न दाबता बुजवलेला असतो. सगळ्या पृष्ठभागावर चौकटी-चौकटींच्या भेगा असतील आणि खडीवरचे डांबर राखाडी, ठिसूळ झाले असेल, तर वर्षानुवर्षांच्या उन्हाने डांबर करपले आहे.

चाकोरीबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण येथे निदान सर्वांत जास्त चुकते. चाकाच्या वाटेवर पन्हळ पडली असेल, तर तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून पाहावे. पन्हळ अरुंद असून तिच्या दोन्ही कडांना डांबराचे उंचवटे आले असतील, तर उन्हात डांबर मऊ होऊन मिश्रणच बाजूला सरकले आहे. पन्हळ रुंद आणि उथळ असून कडांना उंचवटे नसतील, तर खालची माती दबली आहे. पहिल्या प्रकारात वरचा थर खरवडून काढून योग्य प्रतीच्या डांबराचा थर द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात वरच्या थराला हात लावून काहीच साधत नाही.

डांबराच्या प्रतीविषयी येथेच सांगून टाकतो. आयएस ७३ या भारतीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार लागोपाठच्या सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश सेल्सिअस असेल तेथे व्हीजी-३० आणि ४५ अंशांच्या वर असेल तेथे व्हीजी-४० हे डांबर वापरावे (व्हीजी ही डांबराच्या घट्टपणाची प्रत; आकडा मोठा तेवढे डांबर घट्ट). चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास किंवा वर जातो आणि त्या वेळी काळ्या डांबरी पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्या पुढे गेलेले असते. व्हीजी-३० चा मृदुबिंदू (डांबर मऊ पडण्याचे तापमान) किमान ४७ अंश आणि व्हीजी-४० चा किमान ५० अंश असावा, एवढीच मानकाची अट आहे, हे लक्षात घेतले तर जड उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे डंपर जाणाऱ्या रस्त्यावर भर उन्हाळ्यात काय होत असेल याची कल्पना येते. अशा ठिकाणी व्हीजी-४० किंवा पॉलिमरयुक्त डांबर घ्यावे. मेमध्ये डांबर वर पाझरून रस्ता चकाकत असेल, तर त्यावर गरम केलेली जाड कच पसरून रोलर फिरवावा आणि न चिकटलेली कच झाडून काढावी. उन्हाचा प्रश्न या मार्गाने सुटतो. कडेच्या भेगेचा प्रश्न मात्र यातील कोणत्याही डांबराने सुटत नाही.

माती काय करते

आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाचे पापुद्रे आपल्यामध्ये पाणी ओढून घेतात आणि एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात रान भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाने भेगा मिटतात आणि जमीन आपली आपण खालीवर होते, म्हणूनच काळ्या जमिनीला स्वतःची नांगरट स्वतः करणारी जमीन म्हणतात. कापसाला आणि रब्बी ज्वारीला हा गुण वरदान आहे. रस्त्याला तोच शाप ठरतो, कारण रस्ता हे त्या हलत्या जमिनीवर टाकलेले न हलणारे झाकण आहे.

झाकणाच्या मध्यभागाखालची माती ना भिजते ना सुकते. कडेपासून आत साधारण एक मीटरपर्यंतच्या मातीला मात्र साईडपट्टीतून पावसाळ्यात पाणी मिळते आणि उन्हाळ्यात तेथूनच ओल निघून जाते. मेमध्ये ही कडेची माती आकसते, खाली बसते आणि शेताच्या बाजूला ओढली जाते, तर मधली जागची हलत नाही. स्थिर माती आणि हलणारी माती यांची सीमा जेथे येते, नेमकी तेथेच वरचे डांबर ताणले जाऊन फाटते. भेग दर वर्षी त्याच जागी का येते याचे उत्तर हेच आहे : वरचा थर बदलला तरी ती सीमा तेथेच राहते.

माती किती फुगणारी आहे हे पाहण्याची सोपी चाचणी आयएस २७२० च्या ४० व्या भागात दिली आहे आणि ती कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत होते. भट्टीत सुकवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घालतात. एका नळीत केरोसीन असते आणि दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे घालवतात आणि २४ तास नळ्या हलवत नाहीत. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. आमच्या तुकड्यातील माती दुसऱ्या दिवशी सकाळी केरोसीनच्या नळीत १० च्या रेषेवर निमूट बसलेली होती आणि पाण्याच्या नळीत तिचा काळसर, लोण्यासारखा गोळा १८ च्या रेषेपर्यंत चढला होता. म्हणजे फुगवट्याचा निर्देशांक ८० टक्के. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलानुसार हा निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर असेल, तर ती माती भरावालासुद्धा वापरता येत नाही. त्या दोन नळ्या शेजारी-शेजारी ठेवून मी सरपंचांना आणि ठेकेदाराला दाखवल्या, आणि त्यानंतर जाडजूड कार्पेटची मागणी कोणी केली नाही.

कडेला खड्डा खणून पाहावे

निदानाचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भेग सर्वांत रुंद असताना, भेग मध्यावर येईल असा एक मीटर लांब-रुंद आणि सव्वा मीटर खोल खड्डा हाताने खणावा; यंत्राने खणला तर कडा कोसळतात आणि थर वाचता येत नाहीत. दुसरा तसाच खड्डा त्याच जागी रस्त्याच्या मध्याजवळ घ्यावा. दर ३० सेंटिमीटरला मातीचा नमुना घेऊन तो लगेच पिशवीत बंद करावा आणि भट्टीत १०५ ते ११० अंशांवर सुकवून त्यातील ओल मोजावी.

आमच्या कडेच्या खड्ड्यात वरून मोजत गेलो, तर डांबराचे चार थर निघाले, एकावर एक, पोळीच्या पदरांसारखे सुटे. त्यांच्या मध्ये टॅककोटचा (दोन थर चिकटवणाऱ्या पातळ डांबरी लेपाचा) मागमूस नव्हता. एका पदरावर तर धुळीचा पांढरा लेप तसाच होता. त्याखाली जुन्या खडीकरणाची खडी होती आणि तिच्या फटींत काळी माती खालून वर चढून बसली होती. एक खडी काढून हातात घेतली तेव्हा तिच्या खालच्या अर्ध्या भागावर मातीचा सुकलेला साचा होता. म्हणजे पावसाळ्यात माती लोण्यासारखी मऊ होत होती आणि वरून चाक गेले की खडीच्या फटींत घुसत होती. खडीखाली मातीतली भेग सरळ खाली गेली होती. तिच्यात सोडलेली लोखंडी सळई ९० सेंटिमीटरवर टेकली. मधल्या खड्ड्यात त्याच खोलीवर माती ओलसर होती, मुठीत दाबली तर गोळा होत होता आणि भेग कोठेही नव्हती.

मातीची ताकद मोजताना एक सापळा आहे, त्यात बरेच जण अडकतात. उन्हाळ्यात सुकलेली काळी माती दगडासारखी कठीण असते, म्हणून त्या वेळी घेतलेल्या चाचणीत तिचे सीबीआर मूल्य (माती भार किती पेलते याचे टक्क्यांतले माप) फसवे, भरपूर मोठे येते. तीच माती चार दिवस पाण्यात बुडवून तपासली, तर २ ते ४ टक्के इतकेच येते. रस्ता भिजलेल्या मातीवर टिकायला हवा, म्हणून आराखड्यासाठी भिजवलेल्या नमुन्याचेच मूल्य धरावे. जागेवर तपासायचे असेल, तर आठ किलोच्या हातोड्याचा डीसीपी (ठोके मारून शंकू जमिनीत घालण्याचे साधन) परतीचा पाऊस संपल्यावर लगेच चालवावा. एका ठोक्याला शंकू ६० मिलिमीटर आत जात असेल, तर सीबीआर सुमारे ३ टक्के आहे असे समजावे, आणि २० मिलिमीटर जात असेल तर सुमारे १० टक्के.

ओल कोठून येते आणि कोठून जाते

खड्ड्याने कारण सांगितले, पण दुरुस्ती कोठून सुरू करायची हे कडेने चालल्याशिवाय कळत नाही. तीन किलोमीटरच्या अंतरात ओल आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या होत्या. पहिल्या किलोमीटरला साईडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली होती, कारण दर वर्षी तिच्यावर मुरूम टाकला जात होता आणि गवत माती धरून ठेवत होते. पावसाचे पाणी रस्त्यावरून गटारात जाण्याऐवजी डांबराच्या कडेलाच थांबून मुरत होते. पुढे एका ठिकाणी शेतकऱ्याने रस्त्याखालून पाइप नेला होता आणि त्याचा जोड गळत होता, म्हणून भर मेमध्ये तेवढ्याच बारा-पंधरा मीटरमध्ये रस्ता फुगून वर आला होता. दुसऱ्या किलोमीटरला डाव्या अंगाला केबलचा चर होता. तो मोकळ्या ढेकळांनी बुजवलेला असल्यामुळे पावसाळ्यात त्याचे भूमिगत गटार होत होते आणि त्यातले पाणी रस्त्याच्या पोटात झिरपत होते. उजवीकडे उसाचे रान होते आणि तेथे बारमाही ओल असल्यामुळे भेग जवळजवळ नव्हतीच. समोरच्या कोरडवाहू कपाशीच्या बाजूला ती सर्वांत रुंद होती. ज्यांना अजूनही डांबराचा दोष वाटतो, त्यांनी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंमधला हा फरक पाहावा, कारण दोन्ही बाजूंचे डांबर एकाच प्लांटमधून, एकाच दिवशी आले होते.

झाडांचाही हिशेब करावा लागतो. कडेला मोठी बाभूळ किंवा निलगिरी असेल, तर तिची मुळे उन्हाळ्यात रस्त्याखालची ओल ओढून घेतात आणि झाडासमोर कमानीच्या आकाराची भेग पडते. म्हणून झाडे तोडावीत असे मी कधीही म्हणणार नाही; ज्या कडुनिंबांच्या सावलीत वाटसरू बसतात, ते रस्त्याच्या आधीचे आहेत. झाड आणि रस्ता यांच्या मध्ये मुळांना अडवणारा उभा चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा सोडता येतो, आणि नवी लागवड करताना झाड पुढे जेवढे उंच होणार तेवढे तरी ते रस्त्यापासून दूर ठेवावे.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम गटाराचे, आणि ते पहिलेच असले पाहिजे. गटाराचा तळ रस्त्याच्या खडी-मुरमाच्या सर्वांत खालच्या थरापेक्षाही खाली असावा, म्हणजे थरात शिरलेले पाणी बाहेर पडू शकते. नुसती नांगराने ओढल्यासारखी उथळ चारी उपयोगाची नाही. गटाराला वाहता उतार आणि पुढे मोरी किंवा नाला असा निकास हवा. निकास नसलेले गटार हा लांबट तलाव असतो आणि तो नसलेला बरा. त्यानंतर साईडपट्टी खरवडून डांबराच्या पातळीखाली आणावी आणि तिला रस्त्याच्या कॅम्बरपेक्षा (आडव्या उतारापेक्षा) थोडा जास्त उतार द्यावा. डांबराला दोन ते अडीच टक्के उतार असतो; साईडपट्टीला त्याहून अर्धा ते एक टक्का अधिक पुरतो. केबलचे चर उघडून थराथराने दाबून बुजवणे हे कटकटीचे काम आहे, पण ते टाळले तर बाकीचा खर्च फुकट जातो.

दुसरे काम कडेची पट्टी नव्याने बांधण्याचे. भेगेच्या आत किमान अर्धा मीटर घेऊन कडेपर्यंतची, साधारण दीड मीटर रुंदीची पट्टी खणून काढावी. जुन्या रस्त्याचा सांधा उभा एका रेषेत न ठेवता पायऱ्या-पायऱ्यांनी कापावा, म्हणजे नव्या-जुन्याची भेग थेट वर येणार नाही. खाली लागलेल्या काळ्या मातीचा वरचा २५० मिलिमीटरचा थर चुन्याने सुधारावा. चुन्याचे प्रमाण बहुतेक काळ्या मातींना ३ ते ५ टक्के लागते, पण नेमके किती हे प्रयोगशाळेत ठरवावे. ज्या प्रमाणाला चुना-मातीच्या मिश्रणाचा पीएच १२.४ होतो ते किमान प्रमाण. चार टक्के धरले, तर दीड मीटर रुंद आणि २५० मिलिमीटर जाड पट्टीला प्रत्येक मीटर लांबीमागे साधारण २२ ते २३ किलो चुना लागतो. मातीत सल्फेट जास्त असेल, तर चुन्याने उलट फुगवटा येतो, म्हणून तीही चाचणी आधी करून घ्यावी.

चुन्याचे काम बिघडते ते बहुधा दोन कारणांनी. एक तर उघड्यावर पडून हवा खाल्लेला, मेलेला चुना येतो. बंद पिशवीतला ताजा, कोरडा, विरवलेला चुनाच घ्यावा. दुसरे, मातीची ढेकळे तशीच राहतात आणि चुना त्यांच्यावर पिठासारखा माखून राहतो, आत जात नाही. यासाठी चुना दोन हप्त्यांत घालावा. अर्धा चुना मिसळून पाणी मारून माती एक-दोन दिवस तशीच ठेवावी. या काळात तिचा चिकटपणा उतरतो आणि आदल्या दिवशी फावड्याला चिकटून बसणारी ढेकळे दुसऱ्या दिवशी बोटांनी चुरडली जातात. हा बदल मजुरांना स्वतःच्या हातांनी कळतो, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मग उरलेला चुना मिसळून, सगळी माती २६.५ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि किमान ८० टक्के माती ५.६ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते हे पाहून त्याच दिवशी दबाई पूर्ण करावी आणि पुढे आठवडाभर थर ओलसर ठेवावा. चुना हाताळणाऱ्यांना हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा दिल्याशिवाय काम सुरू करू नये. वाऱ्याच्या दिवशी चुन्याने डोळे भाजतात.

या कामाची वेळ फार महत्त्वाची आहे. मेमध्ये खणले, तर माती पूर्ण सुकलेली असते आणि तिच्यावर रस्ता बांधला की पावसात ती फुगणार. सप्टेंबरात खणले, तर ती तुडुंब भिजलेली असते आणि उन्हाळ्यात आकसणार. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्या मधल्या ओलीला तिला गाठावे. आपल्याकडे हा काळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. दबाईच्या वेळीही ओल प्रयोगशाळेने सांगितलेल्या इष्टतम प्रमाणाइतकी किंवा किंचित जास्त ठेवावी; फुगणाऱ्या मातीला कोरडी ठेवून जास्तीत जास्त दाबणे म्हणजे पुढच्या फुगवट्याची तयारी करणे होय.

चुन्याच्या थरावर मुरमाचा किंवा जीएसबीचा (ठरावीक आकारांच्या बारीक-मोठ्या खडीच्या मिश्रणाचा) थर टाकताना तो कडेला गटारापर्यंत मोकळा न्यावा. काळ्या मातीच्या किंवा चिकण मुरमाच्या साईडपट्टीत तो कोंडला, तर खाली पाण्याची टाकी तयार होते. या थरातील बारीक भागाचा प्लॅस्टिसिटी निर्देशांक (चिकटपणाचे माप) ६ च्या खाली हवा. लाल दिसतो म्हणून मुरूम चांगला, असे समजू नये. ओला करून मुठीत वळावा, वळी होत असेल तर परत पाठवावा. वर डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर), त्यावर एसएस-१ या पातळ डांबरी इमल्शनचा प्राइमकोट (खडीत मुरणारा पहिला हात) चौरस मीटरला ०.७ ते १ किलो, मग डांबरी थर. जुन्या डांबरावर चढणाऱ्या भागाला टॅककोट चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो, त्याआधी हवेच्या झोताने धूळ घालवावी. आमच्या खड्ड्यातल्या त्या सुट्या पदरांचे कारण एवढेसेच होते.

मिश्रणाच्या तापमानात तडजोड करू नये. व्हीजी-३० चे मिश्रण पसरताना १४० अंशांच्या खाली आणि दबाई संपताना ९० अंशांच्या खाली गेलेले नसावे. व्हीजी-४० साठी हे आकडे १५० आणि १०० आहेत. उन्हाळ्यात हवा गरम असते म्हणून चालून जाईल, असे प्लांट ते साइट अंतर लांब असताना नेहमी सांगितले जाते. ताडपत्री नसलेल्या डंपरमधील मिश्रणाचा वरचा पापुद्रा भर उन्हातही वाटेत निवतो, म्हणून तापमापक ढिगाच्या पोटातही खुपसावा आणि वरच्या पापुद्र्यातही.

नव्या कडेवर डांबराचा खालचा थर देऊन एक पावसाळा वाहतुकीखाली जाऊ द्यावा आणि संपूर्ण रुंदीचा शेवटचा थर पुढच्या हंगामात टाकावा, असे माझे मत आहे. लेखा विभागाला हे सोयीचे नसते. पण कडेची जी बसगत व्हायची ती त्या एका वर्षात होऊन जाते आणि शेवटच्या थराला ती सोसावी लागत नाही.

भेगा भरण्याची वेळ

कडेचे काम हाती घ्यायला निधी नसेल, तर निदान भेगांतून पाणी आत जाणार नाही एवढे करता येते, आणि त्याने खड्डे बरेच कमी होतात. मेमध्ये पूर्ण उघडलेली भेग काठोकाठ भरली, तर ऑगस्टमध्ये ती मिटताना भरलेले डांबर वर उमलते आणि चाकांना चिकटून निघते. म्हणून मुख्य भराई जानेवारी-फेब्रुवारीत, भेग अर्धवट उघडलेली असताना करावी आणि रोहिणी निघण्याच्या आत एक फेरी मारून नव्या उघडलेल्या भेगा तेवढ्या बुजवाव्यात. आधी हवेच्या झोताने माती उडवावी. खोल भेगेत थेट डांबर ओतले, तर ते खाली मातीत निघून जाते. तळाशी कोरडी जाड वाळू घालून वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये लवचीक, रबर किंवा पॉलिमरयुक्त भराव ओतावा आणि तो पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबवावा. बारीक जाळीला इमल्शन आणि कच यांची पातळ स्लरी पुरते.

पावसाळ्यात पडलेला खड्डा मातीने किंवा मुरमाने भरू नये, ही विनंती मी हात जोडून करतो. तो मुरूम आठ दिवसांत चिखल होतो, खडीच्या फटींत बसतो आणि चांगल्या भागालाही घेऊन जातो. खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापावा, पाणी आणि चिखल काढावा, इमल्शन लावून थंड मिश्रण थराथराने दाबून भरावे आणि चारही सांधे वरून बंद करावेत.

नवा रस्ता करताना

फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यावा, ही पद्धत मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या लवचीक रस्त्यांविषयीच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेतही काळ्या मातीवर ०.६ ते १ मीटर जाडीचा असा थर सुचवलेला आढळतो. तो परवडत नसेल तेथे जाड वाळूचा किंवा चिकटपणा नसलेल्या मुरमाचा किमान २२५ मिलिमीटरचा थर रस्त्याच्या संपूर्ण रुंदीत, साईडपट्ट्यांसकट, द्यायला सांगितले आहे. संपूर्ण रुंदीत हे शब्द अधोरेखित करून वाचावेत, कारण प्रत्यक्षात हा थर डांबराच्या रुंदीपुरताच टाकलेला मी वारंवार पाहिला आहे आणि भेग तर डांबराच्या कडेलाच पडते. साईडपट्टीसाठी चुन्याने सुधारलेल्या काळ्या मातीचा १५० ते २०० मिलिमीटरचा थर हाही चांगला, स्वस्त उपाय आहे. तो पाणी आत जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात ओल बाहेर जाऊ देत नाही. शक्य तेथे साईडपट्टीचा पहिला मीटरभर भाग डांबरीच करावा. भेग तरीही पडते, पण ती चाकाच्या वाटेपासून दूर, बाहेर सरकते, आणि तेवढ्याने रस्त्याचे आयुष्य वाढते.

काँक्रीटचा रस्ता केला की काळ्या मातीचा प्रश्न संपतो, हा समज गावोगावी ऐकू येतो. खालची माती तशीच ठेवून वर काँक्रीट टाकले, तर कडा उचलल्या किंवा खचल्या जाऊन त्याच रेषेत काँक्रीटही तडकते, आणि ते दुरुस्त करणे डांबरापेक्षा कठीण जाते.

दुरुस्ती लागू पडली का, हे तपासणे

भेगेच्या दोन्ही बाजूंना डांबरात पोलादी खिळे ठोकून त्यांच्यामधले अंतर दर महिन्याच्या एक तारखेला मोजावे आणि जवळ रंगाने क्रमांक टाकावा. आम्ही असे अकरा जोड ठेवले होते. दुरुस्तीपूर्वीच्या वर्षात जानेवारी ते मे या काळात काही जोडांमधले अंतर १५ ते १८ मिलिमीटरने वाढले होते. गटार, साईडपट्टी आणि चुन्याची कड झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नऊ जोडांमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला नाही. उरलेले दोन जोड तिसऱ्या किलोमीटरच्या सखल भागात आहेत. तेथे गटाराला निकास मिळालेला नाही, कारण पुढचे शेत रस्त्यापेक्षा उंच आहे, आणि सुमारे १४० मीटर लांबीत भेग याही मेमध्ये दहा मिलिमीटर उघडली. शेतमालकाशी बोलणे झाले आहे. रब्बीची काढणी झाली की त्यांच्या बांधाखालून नाल्यापर्यंत पाइप टाकायचा आहे आणि तो पडेपर्यंत त्या १४० मीटरवर डांबराचा शेवटचा थर टाकायचा नाही, असे ठरले आहे.